मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहायला नक्की काय काय यावं लागतं?

वाटाणा_उसळ
माझी भाची बार्शीला असते. यंदा बारावी सायन्स झाली, डी.फार्मचा, म्हणजे फार्मसीच्या दोन वर्षांच्या पदविकेचा, फॉर्म भरलाय. प्रवेशाला अजून अवकाश आहे, म्हणून महिनाभर झाला, संध्याकाळची घराजवळच्या एका मेडिकलमध्ये जाते. तिथले शेठ म्हणतात, "कॉलेजात काय शिकवतात? दोन महिने इथं उभी राहा, सगळं येतंय." तेव्हापासून आमच्या दाजींनी घरात धोशा लावलाय की दोन वर्षं आणि फीचे पैसे घालवून शेवटी खोकीच लावायची असतील तर ती आत्ताही लावतेच आहे.
ताईनं मला विचारलं, मी तुम्हाला विचारते. या धंद्यात असलेल्यांनी सांगा, गोळ्या ओळखून हातात देणं याच्यापलीकडे त्या कामात नक्की काय असतं? आणि ते कॉलेजात येतं की काउंटरवर?

गोळीबार
डॉक्टरांचं अक्षर वाचता आलं पाहिजे. संपला धागा. कुलूप लावा.

मुळामुठा
आणि सुट्ट्या पैशांऐवजी खोकल्याच्या गोळ्या चिकटवता आल्या पाहिजेत :)

मेडिकलवाले_काका
मिरजेत तीस वर्षं दुकान आहे, म्हणून बोलतो.
आधी शेठची बाजू. माल ओळखणं, पार्टीशी बोलणं, संपत आलेल्या मालाची वही (शॉर्ट बुक) लिहिणं, गर्दीच्या वेळी डोकं शांत ठेवणं, हे काउंटरवरच येतं. कॉलेजातून ताजी आलेली पोरं पहिल्या दिवशी पॅरासिटामॉलचा रेणू काढून दाखवतील, पण कपाटात तीच गोळी पाच मिनिटं सापडत नाही.
आता शेठ काय सांगत नाहीत ते. फार्मसी कायदा १९४८ सालचा. त्याचं कलम ४२ वाचा. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्यानं द्यायचं नाही. औषध नियमांतही तेच, फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या समक्ष देखरेखीखाली. म्हणजे तुमची भाची आज माल लावू शकते, बिल करू शकते, पण चिठ्ठी घेऊन एकटीनं औषध देत असेल तर शेठनी तिला अडचणीत घातलंय. दोन महिन्यांत काय, वीस वर्षांत जरी सगळं आलं तरी रजिस्ट्रेशनशिवाय ती 'हेल्पर'च.
माझ्याकडे नवीन पोरगं आलं की पहिले पंधरा दिवस त्याला गिऱ्हाईक दाखवत नाही. होलसेलरकडून आलेलं पार्सल फोडायचं आणि बिल हातात घेऊन एकेक नग पडताळायचा. नाव, ताकद, बॅच, एक्सपायरी. बिलावर ५०० मिग्रॅ आणि खोक्यावर ६५० असं महिन्यातून एकदा तरी निघतंच. मग लावायचं. ज्याची मुदत आधी संपते ते पुढं, नवीन मागं. आळशी पोरगं नवीन माल पुढं ढकलून मोकळं होतं आणि सहा महिन्यांनी एक्सपायरीचं खोकं भरून माझ्यापुढं येतं.
आणि कात्री. हसू नका. अर्धी पट्टी मागितली की ती कुठल्या टोकानं कापायची? बॅच नंबर आणि एक्सपायरी ज्या टोकाला छापलीय ते टोक दुकानात राहिलं पाहिजे, कारण उरलेल्या चार गोळ्या उद्या कुणाला तरी जाणार. गिऱ्हाईकाला त्याचं बिल असतं, त्यावर दोन्ही छापलेलं असतं. घाईत उलटं कापलं की ती चार गोळ्यांची पट्टी बेवारस. तिची मुदत कधीची, कुणाला कळणार? असे तुकडे ज्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडलेत, तिथनं औषध घेऊ नये.

खिडकीतली_मांजर
काका, एक शंका. खोक्यावर एक्सपायरी नुसता महिना-वर्ष असते. म्हणजे महिन्याच्या एक तारखेला संपली की शेवटच्या?

मेडिकलवाले_काका
शेवटच्या. त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत चालतं.

गोळीबार
घरातले वाद मिटवणारा प्रतिसाद. बायकोला दाखवतो. तिनं एक तारखेलाच सगळं फेकून दिलंय.

पाटीपेन्सिल
मी डी.फार्मला शिकवतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजून वाचा.
"कॉलेजात काही शिकवत नाहीत" हे जुन्या अभ्यासक्रमाबद्दल बऱ्याच अंशी खरं होतं. १९९१ च्या नियमावलीवर पोरं जवळपास तीस वर्षं शिकली. त्यात मलमं खलण्यात आणि मिक्श्चरं करण्यात बराच वेळ जायचा. २०२० च्या नियमावलीत रोख बदलला. पेशंटशी बोलणं, चिठ्ठी तपासणं, इनहेलर वापरून दाखवणं याची आता प्रात्यक्षिकं असतात. वर्गात एक पोरगा पेशंट होतो, दुसरा फार्मासिस्ट. सुरुवातीला नुसता खिदळण्याचा तास असतो, पण महिन्याभरात फरक दिसतो. दोन वर्षांनंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, तेही किमान तीन महिन्यांत मिळून. त्यावर २०२२ च्या नियमांनी एक्झिट परीक्षा आणली. तीन पेपर, प्रत्येकात निदान ५० टक्के. त्यातला एक पेपर औषध कायदा आणि दुकान व्यवस्थापन यांचा आहे.
खोकी लावायला एवढं लागत नाही, दाजींचं बरोबर. पण खोकं कधी द्यायचं नाही हे कळायला लागतं.

आडवाटे_पांथस्थ
५०० तास! सर, मनावर हात ठेवून सांगा, तुमच्या किती पोरांनी ते खरंच भरले? ओळखीच्या दुकानातनं सही-शिक्का आणून देणारेच जास्त.

पाटीपेन्सिल
सगळ्यांनी नाही. सही आणणारे असतात आणि ते तोंडी परीक्षेत पहिल्या दोन प्रश्नांत उघडे पडतात. तरीही पास होतात, हे माझं दुखणं आहे.

आडवाटे_पांथस्थ
सरांनी कबूल केलं म्हणून मीही करतो. शिक्षण झाल्यावर दोन वर्षं माझं सर्टिफिकेट एका दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं होतं आणि मी वेगळ्याच गावात एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून फिरत होतो. महिन्याला ठरावीक रक्कम यायची. सगळेच करतात म्हणून वाईटही वाटत नव्हतं. एकदा सुट्टीत सहज त्या दुकानात गेलो. काउंटरवर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. त्यानं मला ओळखलं नाही. मी माझ्याच फोटोखाली उभा राहून त्याच्याकडून ॲसिडिटीची गोळी घेतली. पलीकडे एका बाईंना तो थायरॉईडच्या गोळ्या देत होता. चिठ्ठीवर ताकद २५, त्यानं हातात घेतली होती १०० ची बाटली. "एकच कंपनी आहे ताई." मी मध्ये पडलो. तो म्हणाला, "तुम्ही कोण?"
पुढच्या महिन्यात सर्टिफिकेट काढून आणलं. मालकाशी भांडण झालं ते वेगळंच.
त्यामुळे वाटाणाताई, भाचीला डी.फार्म जरूर करू द्या, पण नंतर कुणी "नुसतं सर्टिफिकेट द्या, यायची गरज नाही" म्हणालं तर त्याला दारातनंच परत पाठवा. चूक तो पोरगा करणार, पण नाव तिचं असणार.

मुळामुठा
बाप रे. स्वतःच्याच फोटोखाली.

रेघोटी
हॉस्पिटल फार्मसीत आहे, नऊ वर्षं. मला विचाराल तर तीन गोष्टी: हिशेब, हिशेब आणि फ्रिज.
हिशेब म्हणजे पैशांचा नाही. लहान बाळांचे पॅरासिटामॉल ड्रॉप्स साधारण १ मिलीत १०० मिग्रॅ असतात. सिरप ५ मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅ. आईला सांगितलेलं असतं "१ मिली द्या" आणि घरात ड्रॉप्स संपलेत म्हणून ती मोठ्या भावाच्या सिरपमधलं १ मिली देते. बाळाला मिळाले २४ मिग्रॅ, ताप उतरत नाही. उलटं झालं तर जास्त वाईट. सिरपच्या हिशेबानं ५ मिली सांगितलेलं असताना ड्रॉप्स ५ मिली दिले, तर ५०० मिग्रॅ एका दमात. दोन्हीवर नाव तेच, चित्र तेच. काउंटरवर फक्त एवढं विचारायचं, "बाळाचं वजन किती? घरात आधीची बाटली कुठली आहे?" दहा सेकंद लागतात.
दुसरं, मेथोट्रेक्सेट. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदा असते. पेशंटला सवय रोज एक गोळी घ्यायची. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस दगावूही शकतो. मी पाकिटावर वार लिहिते, 'फक्त रविवारी', आणि पेशंटकडून वदवून घेते. "कधी घ्यायची?" असं उलट विचारायचं. "कळलं ना?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात.
फ्रिजबद्दल रात्री लिहिते, ड्यूटी आहे.

खिडकीतली_मांजर
"कळलं ना?" वरून आठवलं. आमच्या आजोबांना दम्यासाठी ते इनहेलरच्या यंत्रात घालायचे कॅप्सूल दिले होते. यंत्र वेगळ्या खोक्यात, तेही दिलं. पंधरा दिवसांनी आजोबा तक्रार घेऊन गेले, "गोळीचा काही उपयोग नाही." रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळत होते. यंत्राचं काय केलं विचारलं तर म्हणाले, "ते होय, नातवाला खेळायला दिलं."

गोळीबार
नातवाचा दमा कसा आहे मग?

मेडिकलवाले_काका
हसण्यावारी नेऊ नका, आठवड्याला एक तरी असा येतो. मी यंत्र फोडून समोर एकदा ओढून दाखवायला लावतो. गर्दी असली तरी. मागचा माणूस कुरकुरतो, कुरकुरू दे.
लहान मुलांच्या सुक्या पावडरच्या अँटिबायोटिकचंही तेच. उकळून गार केलेलं पाणी, आधी बाटली हलवून पावडर मोकळी करायची, थोडं पाणी, हलवायचं, मग खुणेपर्यंत. फेस बसला की पातळी खाली जाते, पुन्हा खुणेपर्यंत. एक बाई प्रत्येक डोसनंतर खुणेपर्यंत पाणी भरत होत्या. बाटली अक्षय्यपात्र झाली होती.

हडसनकाठी
न्यू जर्सीत फार्मसी टेक्निशियन आहे, त्यामुळे थोडी तिकडची भर.
माझं बी.फार्म पुण्यातलं, २००९ चं. इथे आल्यावर कळलं की परदेशी पदवीवर फार्मासिस्टची परीक्षा द्यायची तर २००३ नंतरच्यांना पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आपला चार वर्षांचा. मग टेक्निशियन झाले. माझ्यासारख्या इथे खूप जणी आहेत.
इकडे 'टेक्निशियन' हा वेगळा वर्ग आहे आणि त्याची रेष कडक. मी चिठ्ठी संगणकावर चढवते, गोळ्या मोजते, लेबल लावते, इन्शुरन्सवाल्यांशी भांडते. पण फार्मासिस्टनं पडताळल्याशिवाय बाटली काउंटरवर जात नाही. पेशंटनं "ही जेवणाआधी घेऊ की नंतर?" विचारलं तर उत्तर माहीत असूनही मी म्हणते, "फार्मासिस्टना बोलावते." पहिलं वर्षभर याचाच त्रास झाला. जीभ चावत जगायचं. राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा असते, ९० प्रश्न, पण खरं शिकले ते ट्रेवर. इथे पट्ट्या कमी, मोठ्या बाटलीतून सुट्ट्या गोळ्या मोजायच्या. चपट्या पट्टीनं पाच-पाचचे गट सरकवत. आपण वाण्याकडे सुपारी मोजतो तसं.
आपल्याकडे हा मधला वर्गच नाही, असं मला वाटतं. एक तर फार्मासिस्ट, नाहीतर 'पोरगा'. आणि सगळं काम पोरगाच करतो.

पाटीपेन्सिल
शेवटचं वाक्य वर्गाच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

मुळामुठा
मला एक कळत नाही. मी गिऱ्हाईक म्हणून विचारतो. डॉक्टरनं महागडा ब्रँड लिहिला, मी म्हटलं यातलंच स्वस्त द्या, तर काही दुकानदार देतात, काही म्हणतात "चालत नाही". मार्जिनचा मामला असणार.

मेडिकलवाले_काका
मार्जिनचा असतोही, खोटं कशाला बोलू. पण 'चालत नाही' हेही नियमातच आहे. शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही अशा यादीतलं औषध चिठ्ठीवर असेल तर घटक तोच असला तरी त्याच्या बदली दुसरं द्यायचं नाही, डॉक्टरला विचारल्याशिवाय.

आडवाटे_पांथस्थ
मग डॉक्टरनी घटकाचं नाव लिहावं की! २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलनं सांगितलंच होतं, जेनेरिक नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये. किती जण लिहितात?

मेडिकलवाले_काका
आमच्या गल्लीत एक. त्यांच्या दवाखान्यात गर्दी नसते, लोकांना वाटतं अक्षर चांगलं म्हणजे डॉक्टर कच्चा.

रेघोटी
ड्यूटी संपली. आधी गोळीबार यांच्या पहिल्या प्रतिसादाबद्दल. अक्षर वाचता येणं हे कौशल्य नाही. अंदाज लावता येणं हा तर रोगच आहे. "मधुमेहाची चिठ्ठी दिसतेय, म्हणजे हेच असणार" असं म्हणून दिलेली औषधं मी परत येताना पाहिलीत. मला वाचता येत नाही म्हणून फोन उचलायला लाज न वाटणं, हे यायला हवं. माझ्या पहिल्या वर्षी एक सर्जन फोनवर ओरडले, "एवढं कळत नाही?" मी म्हटलं, "नाही सर, स्पेलिंग सांगा." पाय कापत होते. सांगितलं त्यांनी.
आता फ्रिज. इन्सुलिन, लसी २ ते ८ अंशांत. दारातल्या कप्प्यात ठेवायचं नाही, तिथे तापमान सारखं हलतं. मागच्या थंड भिंतीला टेकवायचं नाही, गोठलं की ते वाया, पुन्हा वितळून चालत नाही. दिवसातून दोनदा तापमान लिहायचं. गोठलेलं इन्सुलिन दिसायला बऱ्याचदा तसंच दिसतं, म्हणून जास्त जपायचं.
आणि इन्सुलिन दिलं की सिरिंजचं टोपण बघायचं. आपल्याकडे बाटलीत बहुतेक १ मिलीला ४० युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० वाल्याची नारिंगी. ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज असली की २० ची रेघ म्हणजे प्रत्यक्षात ८ युनिट. १०० चं औषध लाल सिरिंजनं घेतलं की २० च्या रेघेवर ५० युनिट. माणूस बेशुद्ध. "एक सिरिंज द्या" म्हणाला की "कुठल्या बाटलीची?" हे विचारल्याशिवाय हात कपाटाकडे जाता कामा नये.

वाटाणा_उसळ
सगळ्यांचे आभार. धागा भाचीला पाठवला होता. तिचा फोन आला, तिचेच शब्द देते: "मावशी, ते कात्रीचं खरंय, आमच्या ड्रॉवरमध्ये असे तुकडे आहेत." शेठना सांगायची तिला भीती वाटतेय.
तिची एक अडचण आहे. रात्री नऊनंतर काही मुलं खोकल्याचं ठरावीक सिरप आणि झोपेच्या गोळ्या मागायला येतात, चिठ्ठी नसते. शेठ जेवायला गेलेले असतात. ती काय करणार?

मेडिकलवाले_काका
द्यायचं नाही. कोडीनचं सिरप, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, हे सगळं शेड्यूल एच-वनमध्ये आहे, २०१४ च्या मार्चपासून. चिठ्ठी पाहिजे आणि वेगळं रजिस्टर पाहिजे. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ते तीन वर्षं जपायचं. एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) इन्स्पेक्टर आला की पहिल्यांदा तेच मागतो.
वाद घालायचा नाही, उपदेश तर मुळीच नाही. "शिल्लक नाही" म्हणू नये, उद्या पुन्हा येतात. "संगणक चिठ्ठीचा नंबर टाकल्याशिवाय बिल करत नाही" असं सांगायचं. माणसावर चिडतात, संगणकावर कोण चिडणार? आणि शेठना सांगा, नऊनंतर पोरीला एकटीला ठेवू नका. ही गोष्ट औषधशास्त्राची नाही, अकलेची आहे.

हडसनकाठी
काका, संगणकावर ढकलायची युक्ती इकडेही तीच. "सिस्टीम अलाउ करत नाही." जगभर चालतं.

गोळीबार
मस्करीत सुरू केलं होतं, पण एक गंभीर प्रश्न. कालपासून रेघोटी यांचा प्रतिसाद डोक्यात आहे. बाबा चार वर्षं इन्सुलिनवर आहेत. आत्ता फ्रिज उघडून बघितला. बाटलीवर ४० लिहिलंय. सिरिंजचं टोपण नारिंगी आहे. गेल्या वर्षी दुकान बदललं, तेव्हापासून बहुतेक. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतच होते, आता ३० वर आहे. उद्या लाल सिरिंज आणून देऊ ना?

रेघोटी
थांबा. नुसती सिरिंज बदलू नका.
त्यांना आत्ता ३० च्या रेघेवर प्रत्यक्षात १२ युनिट मिळतायत. डॉक्टरांनी डोस वाढवला तो ते न कळता. उद्या लाल सिरिंजनं तेच ३० दिलं तर एकदम अडीचपट जाईल, आणि साखर धाडकन खाली येईल. आत्ताच डॉक्टरांना फोन करा, "४० ची बाटली, १०० ची सिरिंज, वर्षभर" असं शब्दशः सांगा. पुढचा डोस ते सांगतील तसा. बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन जा.

मेडिकलवाले_काका
रेघोटी बरोबर सांगतायत. फोन लागला की इथं लिहा.

गोळीबार
लागला. रात्रीचा डोस किती ते सांगितलं, सकाळी नऊला दोन्ही घेऊन बोलावलंय. ते आधी गप्पच झाले, मग म्हणाले, "सिरिंज कुठली हे मी कधी विचारलंच नाही."
बाबा विचारतायत, ही रेघोटी कोण?

वाटाणा_उसळ
हे सगळं आत्ता दाजींना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी ताईला विचारत होते, फीचा पहिला हप्ता कधी भरायचा.